काकडी लावायची असेल तर आधी ठरवा ती खाणार कशी

काकडी लावायचं ठरलं की लोक पहिल्यांदा विचारतात कुंडी केवढी घेऊ, खत कुठलं घालू. माझं म्हणणं आहे की पहिला प्रश्न हा नाहीचे, पहिला प्रश्न हा की तुम्ही ती खाणार कशी. नुसती मीठ लावून कराकरा खायची, दह्यात किसून घालायची, सॅलडमध्ये चिरायची का बरणीत आंबवायची, कारण या प्रत्येक गोष्टीला वेगळी जात लागते आणि ती वेलावरून तोडायचा दिवससुद्धा वेगळा असतो. पहिल्या वर्षी मी पाकिटावरचा फोटो बघून बी आणलं, लांबलचक गुळगुळीत पातळ सालीच्या काकड्या, वेल छान आला, भरपूर लागल्या, म्हणून उरलेल्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या, आणि पाचव्या दिवशी बरणीत हात घातला तर काकडी बोटांत अक्षरशः दबली, आत सगळा लगदा. पाणी बरोबर होतं, मीठ बरोबर होतं, जात चुकली होती. ती बरणी ओतून देताना खूप वाईट वाटलं होतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

तर आधी जाती बघू.

सगळ्यात ओळखीची म्हणजे चिरून खायची काकडी, १५ ते २० सेंमी, गडद हिरवी, साल जरा जाड, मधे बियांचा गर. यात दोन जुनी भरवशाची नावं आहेत, स्ट्रेट एट आणि मार्केटमोर ७६. स्ट्रेट एटला १९३५ साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे नवीन वाणं लावून तपासणाऱ्या संस्थेचा, पुरस्कार मिळाला आणि लोक अजून ती लावतात, नावातला आठ म्हणजे आठ इंच. मार्केटमोर ही कॉर्नेल विद्यापीठातल्या हेन्री मंगर यांच्या कामातून आली, रोगांना बऱ्यापैकी तोंड देते म्हणून नवख्या माणसाला मी हीच सुचवते. दोन्ही हायब्रिड नाहीत, म्हणजे त्यांचं बी धरून ठेवता येतं, ते शेवटी सांगते.

दुसरी लांब, ३० सेंमीच्या पुढे जाणारी, जवळजवळ बिनबियांची, प्लास्टिकच्या घट्ट वेष्टणात विकतात ती. ते वेष्टण दिखाव्याला नसतं, साल इतकी पातळ असते की उघडी ठेवली तर दोन दिवसांत पाणी उडून मलूल पडते. या जातींना परागीकरण लागत नाही, फळ आपोआप धरतं, त्यामुळे ग्रीनहाऊसमध्ये किंवा बंद गॅलरीत जिथे मधमाशी फिरकत नाही तिथे हीच लावा. तिचीच छोटी बहीण म्हणावी अशी बेथ आल्फा गटातली काकडी, नाव इस्राएलमधल्या एका किबुत्झवरून, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीवरून, पडलंय, १२-१५ सेंमीची, गुळगुळीत, सोलायची गरजच नाही. एकच जात लावायला जागा असेल आणि कच्ची खायची असेल तर माझी पसंती हिला.

तिसरी बरणीची. आखूड, जाडजूड, अंगभर फोड आणि बारीक काटे. दिसायला ओबडधोबड पण आतला गर घट्ट आणि बियांची पोकळी छोटी, म्हणून आंबवल्यावरही दाताखाली कुरकुरते. ही ताजी खायलाही मस्त लागते हे लोकांना माहीतच नसतं, उलटं मात्र चालत नाही, चिरायची काकडी बरणीत टिकत नाही.

मग मजेच्या जाती. लेमन काकडी गोल, लिंबासारखी पिवळी, नाव रंगावरून आहे, चव अजिबात आंबट नसते, सौम्य आणि थोडी गोडसर असते. फक्त ती फिकट पिवळी असतानाच तोडा, गडद सोनेरी झाली की आत नुसत्या टणक बिया. सुयो लाँग ही चिनी जात, शिरा-शिरांची, ४० सेंमीपर्यंत जाते, उष्णता बऱ्यापैकी सोसते, आधार नसेल तर गोल वळते आणि लोंबकळू दिली तर बरीच सरळ येते. पूना खीरा आधी पांढुरकी, मग पिवळसर, मग बटाट्याच्या सालीसारखी तपकिरी होते आणि तपकिरी झाल्यावरही आतून करकरीत राहते, बाकीच्या काकड्या या टप्प्याला खाण्यालायक नसतात. सिक्कीमची काकडी तर अजून मोठी, लालसर तपकिरी, सालीवर जाळीसारख्या भेगा. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८४८ मध्ये पूर्व हिमालयात फिरताना तिची नोंद केली होती. काकडीचा रानटी पूर्वजही हिमालयाच्या पायथ्याचाच, कडूजहर छोटं फळ, त्यातून माणसांनी निवडत निवडत ही सगळी मंडळी तयार केली.

आणि काही काकड्या काकड्याच नसतात! लांब, फिकट हिरवी, रेघांची, सापासारखी वळणारी जी आर्मेनियन काकडी म्हणतात ती खरं तर खरबुजाच्या जातीतली. कधीच कडू होत नाही म्हटलं तरी चालेल, ऊन मानवतं, साल खाता येते. रोमन सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागायची म्हणून चाकांवरचे वाफे उन्हात ढकलायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली घ्यायचे असं प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय, पण जुनी चित्रं आणि वर्णनं तपासणारे अभ्यासक म्हणतात ती बहुधा हीच सापासारखी होती, आपली नेहमीची नाही. तसंच मेक्सिकन सावर घर्किन, द्राक्षाएवढी, वरून टरबुजासारखे पट्टे आणि चवीला काकडीत लिंबू पिळल्यासारखी, ती वेगळ्याच कुळशाखेतली. मुलं वेलाखाली उभी राहून तोंडात टाकतात, स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाही.

लावायचं कसं

काकडीला थंडी अजिबात सोसत नाही, एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. माती १५ अंशांच्या खाली असेल तर बी उगवण्याऐवजी कुजतं, आणि २५ ते ३० अंशांत तेच बी चार-सहा दिवसांत वर येतं. म्हणून घाई करू नका, रात्री उबदार व्हायला लागल्या की मगच टोका. एक-दीड सेंमी खोल, एका आळ्यात दोन-तीन बिया, उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची उपटू नका तर कात्रीने कापा, उपटताना शेजारच्याची मुळं हलतात आणि काकडीला मुळं हललेली मुळीच आवडत नाहीत. त्याच कारणासाठी शक्यतो थेट जागेवरच बी लावावं, रोप करायचंच असेल तर कागदी कपात करून दोन खरी पानं आली की कपासकट जमिनीत.

जमीन भुसभुशीत, निचऱ्याची, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर. नत्र जास्त झालं की वेल रानासारखा माजतो, पानं हाताच्या पंजाएवढी आणि फळाचा पत्ता नाही, म्हणून फुलं दिसायला लागली की नुसतं युरियासारखं खत बंद, पालाश असलेलं द्या. कुंडीत लावणार असाल तर एका वेलाला किमान २० लिटरची, त्याहून लहान कुंडीत दुपारपर्यंत माती कोरडी पडते. कुंडीसाठी झुडपासारख्या आखूड वेलाच्या जाती मिळतात, स्पेसमास्टर त्यातली एक. ऊन सहा-आठ तास हवंच, यात तडजोड नाही.

जमिनीवर पसरू दिला तरी वेल वाढतो पण मी कायम जाळीवर चढवते, दीड-दोन मीटर उंच, दोन वेलांत ३० ते ४५ सेंमी अंतर. फळं सरळ येतात, मातीला टेकत नाहीत, हवा खेळती राहते, आणि तोडताना पानांखाली लपलेली एखादी राहून जात नाही. जाळीवर वेल चढताना त्याचे ताणे एकदा जवळून बघाच. ताणा आधी सरळ असतो, टोकाने जाळीची तार पकडतो आणि मग मधूनच पिळायला लागतो, अर्धा एका दिशेने आणि अर्धा उलट्या दिशेने, मधे एक छोटीशी सरळ जागा. दोन्ही टोकं अडकलेली असताना पीळ पडायचा तर दुसरा मार्गच नसतो. २०१२ साली शास्त्रज्ञांनी याच ताण्यांवर काम करून दाखवलं की पिकलेला, कडक झालेला ताणा ओढला तर उलगडण्याऐवजी आधी आणखी पिळला जातो, म्हणजे वाऱ्याचा हिसका बसला की पकड अजून घट्ट! त्यामुळे वेल सुतळीने आवळून बांधायची गरज नसते, सुरुवातीला दोन-तीन दिवस जाळीकडे वळवून द्या, पुढचं तो बघतो.

फुलं गळतायत म्हणून घाबरू नका

दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. पहिली येणारी फुलं बहुतेक सगळी नर असतात, बारीक देठावर, झुपक्याने, एक दिवस फुलतात आणि गळतात, ते गळणारच. आठवडा-दोन आठवड्यांनी मादी फुलं येतात, ती ओळखायला सोपी, फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवलीशी काकडी आधीच तयार असते. तिथे परागकण पोचले तर ती वाढते नाहीतर पिवळी पडून सुकते. मधमाशी एकदा येऊन गेली म्हणजे झालं असं नाही, एकाच फुलावर बऱ्याच फेऱ्या लागतात, कमी पडल्या की काकडी एका टोकाला बारीक आणि दुसऱ्याला फुगलेली, नाहीतर कोयत्यासारखी वाकडी. माशा दिसत नसतील तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. सकाळीच करा, दुपारी उपयोग नाही.

बिनबियांच्या जातीला मात्र उलटा नियम. लांब ग्रीनहाऊस जात शेजारच्या साध्या काकडीजवळ उघड्यावर लावली आणि माशांनी पराग आणून टाकले तर तिच्यात बिया धरतात आणि आकार बिघडतो. दोन्ही प्रकार लावणार असाल तर एक आत, एक बाहेर. आणि हायब्रिडच्या पाकिटावर फक्त मादी फुलं येतील असं लिहिलं असेल पण परागीकरण लागत नाही असं लिहिलेलं नसेल तर नर फुलांसाठी एखादा साधा वेल सोबत हवा, काही पाकिटांत त्याचं रंगवलेलं वेगळं बी आधीच घातलेलं असतं, ते फेकू नका.

कडू का होते

कडवटपणा कुकुरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, वेल ती किड्यांपासून बचावाला बनवतो. ती पानांत आणि खोडात असतातच, फळात उतरतात ती जातीच्या स्वभावाने आणि वेलाला त्रास झाला की, एक दिवस कोरडं एक दिवस तुडुंब पाणी, कडक ऊन, एकदम थंडी. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी या कडूपणाची बटणं म्हणजे जीन शोधून काढले, एक पानातल्या कडूपणाचा, एक फळातल्या, आणि माणसांनी हजारो वर्षं गोड काकडी निवडली तेव्हा नकळत हे फळातलंच बटण बंद करत आणलं होतं. शेजारी कारलं किंवा दुधी लावला म्हणून काकडी कडू होते हे मात्र खरं नाही. काकडीत गुणसूत्रांच्या ७ जोड्या, तिच्या जवळच्या नात्यातल्या खरबुजातसुद्धा १२, असा संकर बागेत होत नाही, आणि झालाच असता तरी त्याचा परिणाम पुढच्या बियांत दिसला असता, या वर्षीच्या फळात नाही.

उपाय म्हणजे पाणी नियमित. बोट मातीत दोन पेरं घाला, कोरडं लागलं तर द्या, सकाळी, मुळाशी, पानांवर नको. बुडाशी वाळलेल्या पानांचं किंवा गवताचं जाड आच्छादन घाला, सगळ्यात जास्त फरक मला त्यानेच जाणवला. फळात कडू भाग देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो म्हणून देठाकडचे दोन-तीन सेंमी कापून तुकडा चाखा, थोडं कडू असेल तर साल जाड काढा. आणि खूप कडू लागली तर थुंका आणि अख्खी टाकून द्या, शिजवूनही ते द्रव्य जात नाही आणि पोट चांगलंच बिघडतं.

रोगांचं थोडक्यात. पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी, पानावर शिरांनी आखलेले चौकोनी पिवळे ठिपके आणि खालून राखाडी बुरशी म्हणजे केवडा. दोन्हीला पान लवकर तोडणं, हवा खेळती ठेवणं, पानं ओली न करणं, आणि पुढच्या वेळी प्रतिकारक जात. लाल भुंगेरे कोवळ्या रोपांची चाळण करतात, पहाटे ते सुस्त असतात तेव्हा हाताने वेचा, नाहीतर बी उगवल्यापासून बारीक जाळी घाला आणि पहिलं मादी फूल दिसताच काढा, नाहीतर माशाही बाहेरच राहतील. पानं आकसून हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्याची झाली तर तो मोझॅक व्हायरस, मावा पसरवतो, त्यावर औषध नाही, वेल उपटून लांब टाका.

तोडायचं कधी

बहुतेकांचं चुकतं ते इथे, मोठी होऊ दे म्हणून थांबतात. मादी फूल उमललं की आठ-बारा दिवसांत काकडी तोडायला येते, आणि मग रोज डोळ्यांदेखत फुगते, उन्हाळ्यात सकाळी छोटी वाटलेली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताबाहेर. बरणीची ५ ते १० सेंमीवर, बेथ आल्फा १२ ते १५ वर, चिरायची १५ ते २० वर. एक दिवसाआड तोडा, भर हंगामात रोज. वेलाचं काम बी पिकवणं, एक फळ जरी पिवळं होऊन लटकत राहिलं तरी वेलाला वाटतं काम झालं, नवीन फळं धरायची थांबतात. कात्रीने थोडा देठ ठेवून कापा, ओढू नका, वेल खोडापासून सोलला जातो.

ठेवायला काकडीला १० ते १३ अंश आवडतात. फ्रीज त्याहून थंड असतो, म्हणून तीन-चार दिवसांनी त्यावर पाणचट खड्डे पडतात. कापडात गुंडाळून दरवाजाच्या कप्प्यात ठेवा आणि लवकर संपवा. केळी, टोमॅटो, खरबूज यांच्याजवळ नको, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीनने ती पिवळी पडते.

आता खाणं

काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच, मग चव कसली असं म्हणणाऱ्याने ताजी तोडलेली काकडी नाकाजवळ धरून मोडावी. अख्ख्या काकडीला फारसा वास नसतो, चिरलं किंवा मोडलं की पेशी फुटतात, एंझाइम कामाला लागतात आणि तो हिरवा गार वास त्या क्षणी तयार होतो. म्हणून आधीपासून चिरून ठेवू नका, वाढायच्या वेळी चिरा.

पातळ सालीची असेल तर न सोलता जाड चकत्या, जाड सालीची असेल तर एक पट्टी सोला एक ठेवा, चघळायला बरी पडते. दह्यात किंवा सँडविचमध्ये घालणार असाल तर किसून किंवा चिरून मीठ लावा, वीस मिनिटं चाळणीत ठेवा आणि पिळा, नाहीतर सगळं पाणी पाणी होतं. लांब शिरांच्या सुयोसारख्या जातीला मी सुरी लावायच्या आधी सुरीच्या पात्याने किंवा लाटण्याने थापटते, ती वेडीवाकडी फुटते आणि त्या खडबडीत कडांना मीठ, लसूण, तीळतेल, व्हिनेगर जे घालाल ते धरतं, गुळगुळीत चकतीवरून ते घसरून खाली जातं. हातून राहून फुगलेली काकडी टाकू नका, उभी चिरून बिया चमच्याने खरवडा आणि गर सूपमध्ये किंवा भाजीसारखा परतून शिजवा, छान मऊ आणि किंचित आंबट लागते.

बरणीसाठी बरणीचीच जात, त्याच दिवशी तोडलेली. तोडून वेळ गेला असेल तर तासभर बर्फाच्या पाण्यात. फुलाकडचं टोक दोन मिलिमीटर कापायचंच, तिथे गर मऊ करणारी एंझाइम असतात, माझ्या त्या पहिल्या बरणीत हेही राहून गेलं होतं. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ, पाणी क्लोरीनचं असेल तर उकळून गार केलेलं. लसूण, बडीशेपेसारखा दिसणारा ताजा शेपू, मोहरी, आणि मिळालं तर एक द्राक्षाचं पान, त्यातल्या टॅनिनने कुरकुरीतपणा टिकतो. काकड्या पूर्ण बुडल्या पाहिजेत, वर छोटी बशी किंवा वजन ठेवा, झाकण सैल कारण गॅस सुटतो. २० अंशांच्या आसपास तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं, ते चांगलं लक्षण आहे, आठवड्याने अर्धी आंबट, तीन-चार आठवड्यांत पूर्ण. रोज एक तुकडा चाखा, तुम्हाला आवडेल तिथे फ्रीजमध्ये टाका. वर पांढरा पातळ थर आला तर काढून टाकायचा, पण रंगीत केसाळ बुरशी, घाण वास किंवा बुळबुळीत काकडी असेल तर सगळं टाकायचं.

राहिलं बी. हायब्रिड सोडून कुठल्याही जातीची एक निरोगी काकडी हंगामाच्या शेवटी वेलावरच पिवळी-तपकिरी होऊ द्या, तोडून आणखी दोन आठवडे सावलीत ठेवा. दोन जाती जवळजवळ लावल्या असतील तर त्या आपसात मिसळतात, अशा वेळी उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्यांना आदल्या संध्याकाळीच चिकटपट्टी लावायची, सकाळी उघडून हाताने परागीकरण करायचं, परत बंद करायचं आणि त्या फळाच्या देठाला दोरा बांधून ठेवायचा. बिया गरासकट पेल्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्या, भोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं, चांगल्या बिया तळाशी बसतात. धुऊन ताटलीवर पसरा, कागदावर नको, चिकटतात. पुरेशी वाळली का बघायला एक बी वाकवा, वाकली तर अजून ओली, कट्टकन मोडली तर पाकिटात भरा. नीट कोरडी ठेवलेली पाचेक वर्षं सहज उगवते. पाकिटावर जात आणि वर्ष लिहाच, मी खाली अजून एक शब्द लिहिते, दही किंवा सॅलड किंवा बरणी.